एका वर्षाच्या नफ्यावर भाळू नकोस गं

आधी तो रडका इमोजी आवर बघू. भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर 'पीई फक्त 4, डोळे मिटून घ्या' असं टाकलं, तुझा बोनस नेमका याच आठवड्यात जमा झाला, आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय. कळतंय मला. पण बघ, जी बाई दोन मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स एका पगारात बसवते, तिला हे गणित जड जायचं काही कारण नाही. बेरीज, गुणाकार, भागाकार, एवढंच आहे त्यात. फक्त डोळे मिटायचे नाहीत.

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले दर शेअरमागे झालेला वर्षाचा नफा. त्या नफ्याला ईपीएस म्हणतात. खरं सांगू का, मी कितीतरी दिवस ईपीएस म्हणजे पीएफबरोबर कापली जाते ती पेन्शनची स्कीमच समजत होते, आणि चार बायकांत ते ठासून सांगितलंही होतं! असो. पीई 4 म्हणजे काय, तर कंपनीचा नफा असाच राहिला तर चार वर्षांच्या नफ्यात तुझ्या शेअरची किंमत वसूल. सगळी मेख त्या 'असाच राहिला तर' मध्ये आहे.

उद्या तू रत्नागिरीकडे हापूसची बाग घ्यायला निघालीस आणि मालकाने नुसता यंदाचा हिशेब पुढे केला, तर तू काय म्हणशील? मागची दहा वर्षं दाखवा म्हणशील. मोहोर कधी करपला, अवकाळीने कधी झोडपलं, भाव कधी पडला, सगळं विचारशील. हाच प्रश्न शेअरला विचारायचा. पण शेअर म्हटलं की आपल्याला उगाच वाटतं, इथे काहीतरी वेगळं शहाणपण लागत असेल.

आणि हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही बरं का. 1929 मध्ये अमेरिकेचा बाजार कोसळला, त्यात बेंजामिन ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ स्वतः चांगलेच पोळले. पुढे 1934 मध्ये त्यांनी आणि डेव्हिड डॉड यांनी मिळून 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांचं म्हणणं असं की एका वर्षाच्या नफ्यावर भाव ठरवू नका. निदान पाच, आणि जमलं तर सात ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्या. म्हणजे तेजीचं वर्षही त्यात येतं आणि मंदीचंही. नंतर 1988 मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी महागाईचा हिशेब धरून दहा आणि तीस वर्षांच्या सरासऱ्या तपासल्या. दहा वर्षांवाला तो आकडा आज 'शिलर पीई' किंवा 'केप' म्हणून ओळखला जातो. शिलरना 2013 मध्ये नोबेलही मिळालं.

आता एक खरं उदाहरण घेऊ, नावानिशी. टाटा स्टील. घे किंवा विक असं मी मुळीच म्हणत नाहीये हं. शिकायला तिचे आकडे फार चांगले आहेत म्हणून घेतेय. पोलाद हा चढउताराचा धंदा. 2021-22 मध्ये जगभर पोलादाचे भाव भडकले होते आणि कंपनीचा एकत्रित निव्वळ नफा झाला 41,749 कोटी रुपये. मार्च 2022 अखेर शेअर होता 1,300 रुपयांच्या आसपास, आणि दर शेअरमागे नफा साधारण 332 रुपये. कर भागाकार. चारच्याही किंचित खाली! भाऊजींचाच आकडा की नाही?

पुढे काय झालं बघ. 21 मे 2022 ला केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि सोमवारी बाजार उघडताच शेअर दणकन आपटला. नोव्हेंबरात शुल्क उठलं, पण तोवर पोलादाचे भावही उतरले होते. 2022-23 चा नफा आला 8,075 कोटी. 2023-24 मध्ये तर 4,910 कोटींचा तोटा, त्यात ब्रिटनमधल्या धंद्याची फेररचना आणि वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या जुन्या भट्ट्या बंद करायच्या खर्चाचा मोठा वाटा. आता तोट्याच्या वर्षी पीई काढणार तरी कसा? भागायला खाली काही उरतच नाही.

बरं, पुढचं कुणाला दिसतं, म्हणशील तू. खरंय. पण मागचं तर दिसत होतं ना? मार्च 2022 मध्ये बसून मागे बघ. 2020-21 चा नफा 8,190 कोटी. त्याआधीच्या वर्षी जेमतेम 1,172 कोटी. 2014-15 पासून सलग तीन वर्षं तोटा. 2012-13 मध्ये 7,058 कोटींचा तोटा, कारण 2007 मध्ये युरोपातली कोरस कंपनी चढ्या भावाने घेतली होती आणि तिची किंमत पुस्तकात खाली आणावी लागली. 2012-13 ते 2021-22 या दहा वर्षांची सरासरी काढलीस तर ती येते वर्षाला सहा हजार कोटींच्या आसपास. आणि अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत होती सुमारे 1 लाख 60 हजार कोटी. भाग बघू. पंचविसाच्या पुढे जातं.

चार आणि पंचवीस. कंपनी तीच, भाव तोच, दिवसही तोच. यंदाचाच नफा धरला तर शेअर फुकटात, आणि दहा वर्षांचा धरला तर चांगलाच महाग.

आता महागाईचं. तू म्हणशील, सरासरी काढली ना, मग हे आणखी कशाला? अगं, दहा वर्षांपूर्वीचे शंभर रुपये आणि आजचे शंभर एकाच तागडीत कसे टाकणार? त्या शंभरात जेवढा किराणा यायचा तेवढा आज येतो का? म्हणून जुन्या प्रत्येक वर्षाचा नफा आधी आजच्या रुपयांत आणायचा, मग सरासरी. यासाठी माझी सोपी युक्ती अशी, की इन्कम टॅक्सचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स घ्यायचा. जुनं घर विकताना सीए वापरतो तोच. वर्षाला एकच आकडा असतो, डोक्याला ताप नाही. 2001-02 ला 100 धरलाय. 2012-13 ला तो 200 होता, 2021-22 ला 317. म्हणजे 2012-13 च्या रकमेला 317 ने गुणायचं आणि 200 ने भागायचं. तो निर्देशांक महागाई पुरती पकडत नाही, शहरी ग्राहक भाववाढीचा पाऊण हिस्साच धरतो. अगदी काटेकोर हवं असेल तर सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, तो वापर. पण पहिल्या खेपेला सोपंच कर, नाहीतर तू एक्सेल उघडून अर्ध्यातच बंद करशील. मी ओळखते तुला.

इथे एक गंमत बघ. वाढवायचा तो फक्त नफा नाही, तोटाही वाढवायचा. तो 7,058 कोटींचा तोटा 2021-22 च्या रुपयांत 11 हजार कोटींच्या वर जातो. सगळी दहा वर्षं अशी करून पाहिलीस तर टाटा स्टीलची सरासरी जवळपास होती तिथेच राहते, कारण तिची जुनी वर्षं बहुतेक तोट्याची. ज्या कंपनीने दरवर्षी शांतपणे नफा कमावलाय तिथे मात्र फरक पडतो. जुने नफे आजच्या रुपयांत आले की सरासरी वर सरकते आणि शेअर वाटला होता तेवढा महाग राहत नाही. आणि तोट्याची वर्षं 'अपवाद होता' म्हणून गाळायची नाहीत हं! कंपन्या ते 'एक्सेप्शनल' असं लिहितात, पण दर दोन-तीन वर्षांनी येणारा अपवाद कसला?

आकडे कुठून आणायचे? बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात दहा वर्षांचा तक्ता असतो. नसेल तर जुने अहवाल कंपनीच्या साइटवर मिळतात. मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो, तेवढं सांभाळ. एक म्हणजे स्टँडअलोन, म्हणजे नुसत्या मूळ कंपनीचा हिशेब, आणि कॉन्सोलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून एकत्रित. टाटा स्टील 2023-24 मध्ये स्टँडअलोन हिशेबात नफ्यात होती आणि एकत्रित हिशेबात तोट्यात. दहाही वर्षं कॉन्सोलिडेटेडच घे. दुसरं स्प्लिट. जुलै 2022 मध्ये टाटा स्टीलच्या दहा रुपयांच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा झाले. म्हणून एका अहवालात दर शेअरमागे 332 आणि पुढच्यात 7 च्या आसपास दिसतं. ते बघून छातीत धस्स होतं. नफा घटला होताच, पण एवढा नाही. आधी 332 चे 33 करायचे आणि मग तुलना. एवढी झटापट नको वाटली तर सरळ एकूण नफा आणि कंपनीची एकूण बाजारकिंमत घे, मी वर घेतली तशी. अधेमधे कंपनीने नवे शेअर काढले असतील तर हिशेब जरा इकडेतिकडे होतो, पण चार की पंचवीस एवढं कळायला पुरतो.

आता तू म्हणशील, मग काय, पंचवीस आलं की पळ काढायचा आणि दहा आलं की घ्यायचा? थांब गं, एवढी घाई नको.

शिलरनी हे वापरलं अख्ख्या बाजारासाठी, 500 कंपन्यांच्या निर्देशांकासाठी. तिथे एक कंपनी झोपली तर तिच्या जागी दुसरी येते, सरासरीला अर्थ राहतो. एकटी कंपनी कायमची बदलू शकते. कोडॅक आठव. फिल्म रोलच्या सुगीतले नफे धरून सरासरी काढली असती तर शेअर स्वस्तच दिसला असता, आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. उलट बाजूने टायटन बघ, आपल्या तनिष्कवाली. 2014-15 ला नफा साधारण 800 कोटी, 2023-24 ला साधारण 3,500 कोटी. अशा वाढत्या कंपनीला दहा वर्षांची सरासरी कायम महागच म्हणणार. पोलाद, सिमेंट, साखर, गाड्या अशा वरखाली होणाऱ्या धंद्यात हे माप खरं कामाचं. बाकी ठिकाणी ते सोबतीला ठेव, मालकीण करू नकोस.

आणि वेळ? वेळ ते अजिबात सांगत नाही. डिसेंबर 1996 मध्ये शिलरनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेसमोर हे आकडे मांडले. तेव्हा अमेरिकी बाजाराचा केप 28 च्या घरात होता, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांच्या सरासरीपेक्षा बराच वर. दोनच दिवसांनी बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी आपल्या भाषणात बाजाराच्या अतिउत्साहाविषयी शंका काढली. आणि बाजार? मार्च 2000 पर्यंत दुपटीवर गेला! शिलरचं ऐकून बाहेर पडलेल्यांना शेजाऱ्यांनी किती टोमणे मारले असतील, बघ. मग ऑक्टोबर 2002 पर्यंत निर्देशांक घसरत जवळजवळ 1996 च्या जागी येऊन बसला. 2009 मध्ये उलटं झालं. मंदीत कंपन्यांचे नफे इतके आटले की अमेरिकी बाजाराचा साधा पीई शंभरावर गेला, म्हणजे महागात महाग. केप मात्र त्या मार्चमध्ये 13 च्या आसपास होता, आणि तेव्हा घेणाऱ्यांचं भलं झालं.

टाटा स्टीलचंही तसंच. मार्च 2022 ला स्प्लिटच्या हिशेबाने 130 असलेला शेअर जूनमध्ये नव्वदीच्या खाली होता, आणि तोट्याच्या 2023-24 वर्षाच्या शेवटी 150 च्या वर. तेव्हा पंचविसाचा आकडा म्हणजे 'बुडणार' असा निरोप नव्हे. 'स्वस्त आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस' एवढंच तो सांगतो. भाऊजींच्या मेसेजला उत्तर म्हणून मला तेवढं पुरे वाटतं.

तुझा बोनस तोवर बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात पडून राहिला तर काही बिघडत नाही. 'संधी जाईल' असं ग्रुपवर रोज कुणीतरी लिहितंच. रविवारी मुलं क्लासला गेली की वही घेऊन बस. दहा ओळी आख, वर्ष, नफा, निर्देशांक. वहीच घे, लॅपटॉप उघडलास की तू साड्या बघत बसतेस, मीही तेच करते. अडलीस तर फोन कर, पण दुपारी एक ते तीन नको, मी झोपलेली असते. आणि भाऊजींना इतक्यात काही सुनवू नकोस. नुसतं गोडीत विचार, 'भाऊजी, हा चारचा आकडा कुठल्या वर्षाच्या नफ्यावर काढलाय?'