पहिली तीन वर्षं, पोरी

अगं, नेमणुकीचे पेढे वाटून झाले असतील तर आता जरा माझ्याजवळ बस. पेढे खाताना कुणी सांगत नाही अशा काही गोष्टी आहेत. मुख्याध्यापक सांगतील म्हणशील, तर त्यांना माहिती भरून पाठवण्यातून सवड मिळाली पाहिजे ना!

बी.एड. केलंस, अभियोग्यता चाचणी दिलीस, पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलीस. एवढं करून हातात आलं काय, तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं आणि महिना 18000 रुपये. तुझं घरभाडं, गाडीखर्च मला कळत नाही असं नाही. पण जानेवारी 2023 च्या आधी माध्यमिकचे शिक्षणसेवक 8000 रुपयांवर राबत होते, आणि ते कित्येक वर्षं. हा आकडा हलला तो निवेदनं, मोर्चे, कोर्टकचेऱ्या आणि विधिमंडळात पुन्हा पुन्हा उठवलेले प्रश्न यांच्यामुळे. स्टाफरूममध्ये कुणी तरी नक्की म्हणेल, ‘‘या संघटना करतात काय, वर्गणी गोळा करण्याशिवाय?’’ तेव्हा वाद घालू नकोस, पण हे लक्षात ठेव.

संघटनेचं नंतर बोलू. आधी तुझे कागद. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, शालार्थ आयडी. मान्यता नाही तर शालार्थमध्ये नाव नाही, आणि नाव नाही तर मानधन नाही. वर्गात उभी राहून महिनोन् महिने फुकट शिकवणारी पोरं मी पाहिलेली आहेत. विचारलं की म्हणतात, ‘‘प्रस्ताव गेलाय.’’ कधी गेला, जावक क्रमांक काय, कुठल्या टेबलावर आहे, काही ठाऊक नसतं. तू विचार. क्लार्कभाऊंना गोड बोलून विचार, पण विचार. प्रत्येक कागदाची पोच घे आणि घरी एक फाईल कर. 2025 मध्ये नागपूरकडचं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं आणि सरळमार्गाने लागलेल्यांनाही जुनी कागदपत्रं शोधून द्यावी लागली. ज्यांच्या घरी फाईल होती त्यांनी ती अपलोड केली आणि ते झोपले. बाकीचे संस्थेच्या कपाटाच्या किल्लीमागे धावत होते.

आता कान जवळ आण. रुजू होताना किंवा पुढे कधी तरी तुझ्यापुढे कागदांचा गठ्ठा येईल, आणि घाईच्या वेळी येईल, प्रार्थनेची घंटा झालेली असताना. ‘‘मॅडम, इथे, इथे आणि इथे सही.’’ त्यात मधोमध एक साधा कागद असू शकतो, तीन ओळींचा: वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, कृपया स्वीकारावा. खाली तुझं नाव टाईप केलेलं, तारखेची जागा कोरी. तू थबकलीस की लगेच, ‘‘अहो, रिवाज आहे आपल्याकडे, सगळ्यांनीच दिलाय.’’ सगळ्या संस्था अशा नसतात, हेही सांगते. पोटच्या पोरासारखं शिक्षकांना जपणारे संस्थाचालक आहेत. पण तो कागद समोर आलाच, तर पेन खाली ठेव आणि म्हण, ‘‘घरी दाखवून उद्या आणते.’’ नोकरीला लागलेल्या मुलीने घरच्यांना विचारणं आपल्याकडे अजून कुणाला खटकत नाही. या जुनाट समजुतीचा एवढा तरी फायदा घे! खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आहे. त्यात राजीनाम्याची रीत लिहून ठेवलेली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही, तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे, दुसरी आपल्याजवळ. हा खटाटोप कशासाठी ठेवला असेल, ते तुला सांगायला नको.

तीन वर्षांच्या आत काढायचंच ठरवलं तर काम किंवा वागणूक समाधानकारक नाही या कारणावर काढता येतं, पण एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचं मानधन देऊन. आणि काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला 30 दिवस असतात. हे 30 दिवस तोंडपाठ कर. आमच्या तालुक्यातल्या एका मुलीला ‘‘उद्यापासून येऊ नका’’ असं तोंडी सांगितलं. ती मस्टरवर सही करायला गेली, तर मस्टर कपाटात. संस्थेतले एक वडीलधारे म्हणत राहिले, ‘‘बघू, दिवाळी होऊ दे, मी बोलतो अध्यक्षांशी.’’ दिवाळी झाली, तुळशीची लग्नं झाली, आणि मग ती संघटनेकडे आली. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी कारणं, वेगळी तारीख. मूळ भांडण बाजूलाच राहतं. तिने काय करायला हवं होतं? त्याच दिवशी, मी कामावर हजर आहे, मला सही करू दिली नाही, असं चार ओळींचं पत्र मुख्याध्यापकांना रजिस्टर पोस्टाने आणि प्रत शिक्षणाधिकारी माध्यमिक यांना. बस्स. हे पत्र लिहायला वकील लागत नाही, पण शेजारी बसून ‘‘लिही गं, काही होत नाही’’ म्हणणारं कुणी तरी लागतं. संघटना म्हणजे मला तरी मुख्यतः तेच वाटतं. मोर्चे आणि घोषणा वर्षातून एकदा-दोनदा असतात.

कुठल्या संघटनेत जाऊ, असं विचारशील. शिक्षक परिषद आहे, शिक्षक भारती आहे, टीडीएफ आहे, विदर्भात विमाशि आहे. झेंड्यावरून ठरवू नकोस. तुझ्या तालुक्यातला, जिल्ह्यातला माणूस बघ. वेतन पथकात फोन केल्यावर त्याचं ऐकतात का? कुणाच्या अपिलासाठी तो न्यायाधिकरणात तारखांना गेलाय का? तो तुझ्याच संस्थाचालकांच्या गाडीतून फिरतो का? आणि आणखी एक, त्याच्या शाळेत त्याचे तास कोण घेतं? वर्षानुवर्षं वर्गात न दिसणारा पुढारी मला तरी चालत नाही. तू चालवून घेऊ नकोस.

तीन वर्षं झाली की तुझा भाव अचानक वाढेल. विधान परिषदेवर शिक्षकांचे सात आमदार जातात आणि त्यांना निवडून देण्याचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना असतो, सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेलं असलं की. प्राथमिकच्या बाईंना तो नाही, तुला आहे. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणून नमुना 19 स्वतः भर, शाळेतून कुणी तरी भरेल या भरवशावर राहू नकोस. त्या दिवसांत डायरी, पेन आणि आपुलकीची चौकशी भरपूर मिळते. डायरी वापर, मत तुझं तू दे.

आता वर्गाचं. यालाही मी कागदाइतकंच महत्त्व देते, थोडं जास्तच म्हण. काम समाधानकारक नाही असं कुणी म्हणालं तर तुझ्या बाजूने बोलतं काय? टाचणवही, आणि तुझा तास पाहून पर्यवेक्षकांनी लॉगबुकात लिहिलेला शेरा. ‘‘सर, माझा तास बघायला याल का?’’ असं आपणहून म्हणणारी शिक्षिका दुर्मीळ असते, आणि तिच्यावर बोट ठेवणं अवघड असतं. शेरा वाईट आला तर? तो वाच, विचार, सुधार, आणि पुन्हा बोलाव. गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा लेखी कळवावा लागतो, त्याला लेखी उत्तर द्यायचं. गप्प बसलीस तर तोच खरा ठरतो.

दहावीचा विषय मिळाला की बोर्डाचे पेपर तपासायला जा. पैसे फार नाहीत, एप्रिलचं ऊन आहे, घरचे कुरकुरतील. तरी जा. नियामकांच्या बैठकीत एका उत्तरावर, अर्धा गुण द्यायचा की नाही यावर, पंधरा शाळांचे शिक्षक भांडतात. ‘‘मुलाने रीत बरोबर मांडलीय, उत्तर चुकलंय, मग काय करणार?’’ कुणी म्हणतं शून्य, कुणी आदर्श उत्तरपत्रिका काढतं, आणि मागून एखादे निवृत्तीला आलेले सर शांतपणे समजावतात की मूल नेमकं कुठे घसरलं. ते ऐकून पुढच्या वर्षी तुझं फळ्यावरचं लिखाण बदलतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले बरेच तास व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडण्यात जातात, हे तुलाही माहीत आहे. शिकायचं तर या बैठकांत, विषय शिक्षकांच्या संघात आणि शेजारच्या शाळेतल्या चांगल्या बाईंच्या तासाला मागच्या बाकावर बसून शीक.

पाचवी ते आठवीचे वर्ग तुझ्याकडे आले तर टीईटीचं प्रमाणपत्र जवळ असू दे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर पन्नाशीला टेकलेले लोकही पुस्तकं घेऊन बसले. कायम झालीस की ज्येष्ठता यादी दरवर्षी डोळे उघडे ठेवून वाच. रुजू तारीख, शिक्षण, प्रवर्ग नीट बघ, आणि चूक दिसली तर हरकत लेखी दे. आज तुला हसू येईल, पण मुख्याध्यापकपद या यादीवरून ठरतं, आणि वीस वर्षांनी मागची चूक कुणी दुरुस्त करून देत नाही. वरिष्ठ वेतनश्रेणी 12 वर्षांनी, निवडश्रेणी 24 वर्षांनी, दोन्हींना प्रशिक्षण लागतं. मधल्या काळात मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापनाची पदविका करून टाक, एम.एड. करणार असशील तर आधी संस्थेची लेखी परवानगी, मग फी.

आणि हे मोठ्याने बोलत नाहीत ते: दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर शाळेत महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्यावर कोण आहे ते आत्ताच बघून ठेव. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते. एकटीने सोसत बसू नकोस, रात्री कितीही वाजता मला फोन कर.

रविवारी तालुक्याला आमची बैठक आहे. 11 ची म्हणतात, म्हणजे साडेअकरा धर. वर्गणीचं मी बघते या वर्षी, तुझा पहिला पगार येऊ दे. येताना नेमणूक आदेशाची झेरॉक्स आण, आणि त्या गठ्ठ्यात तू कशाकशावर सह्या केल्यास ते आठवून कागदावर लिहून आण.