तरंगत्या वनस्पतींचा नकाशा

ठाण्याहून निघालेला घोडबंदर रोड गायमुखापाशी खाडीच्या अगदी काठाला येतो. उजव्या हातास तिवरांची झाडी व तिच्यापलीकडे उल्हास नदीचे रुंद मुख दिसते. आपण एका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरून चाललो आहोत, हे या रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. ते बेट म्हणजे साष्टी. पश्चिमेस, भाईंदर व नायगाव यांच्यामध्ये, पाणजू नावाचे आणखी एक चिमुकले बेट आहे.

बेटाला पाणी जसे अन्न देते, तसे संकटही आणून टाकते. कॅरिबियन समुद्रातील बेटांना याचा अनुभव २०११ पासून येत आहे. सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ अटलांटिक महासागरात तरंगत असते. हवेने भरलेल्या इवल्या फुग्यांमुळे ते बुडत नाही. भर समुद्रात ते माशांना व कासवांच्या पिलांना आसरा देते. परंतु किनाऱ्यावर त्याचे ढीग कुजू लागले, म्हणजे सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते, होड्या अडकतात आणि मासेमारी खोळंबते. जून २०१८ मध्ये या शेवाळाचा पट्टा आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला होता. त्याचे वजन दोन कोटी टनांहून अधिक भरले. बार्बाडोस या लहानशा देशाने त्याच महिन्यात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

एवढा पट्टा मोजला कसा? डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेते, तर तरंगती वनस्पती तो परत फेकते. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात काळ्या पाण्यावर ती उजळ उमटते. मात्र महासागर न्याहाळणाऱ्या काही चित्रांत एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर! लहान बेटाचा अख्खा किनारा त्यात लपून जातो. तेथे माणसालाच चालत जाऊन ढिगाची लांबी, रुंदी व जाडी मापावी लागते.

उल्हास नदीत सारगॅसम नाही, जलपर्णी आहे. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसानेच ती देशोदेशी नेली. सांडपाण्यावर पोसलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. कल्याणजवळ मोहने येथे, जेथून शहराच्या पिण्याचे पाणी उपसतात, तेथेही तिने नदी झाकली आहे. घोडबंदरच्या बाजूस मात्र भरतीचे खारे पाणी तिला जगू देत नाही. पावसाळ्यात पुराबरोबर तिचे पुंजके खाली वाहत येतात आणि तिवरांच्या श्वसनमुळांत अडकून कुजतात.

नकाशा काढणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. तिवरे व जलपर्णी, दोन्ही हिरवी. उपग्रहाला दोन्ही उजळच दिसतात. तेव्हा निरनिराळ्या तारखांची चित्रे एकावर एक ठेवावीत. जागचे हलले नाही, ते तिवर. सरकली, ती जलपर्णी. पण ऐन पुराच्या दिवसांत आभाळ भरलेले असते आणि प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहास खालचे काहीच दिसत नाही. त्या दिवसांत कोणता पुंजका कोठवर गेला, हे काठावरच्या कोळ्यालाच विचारावे लागते.