पुस्तक मिटून अभ्यास

मुलांनो, 'गुरुजी, रात्री धडा चारदा वाचला, तरी सकाळी काहीच आठवंना' ही तक्रार वर्गात मी नेहमी ऐकतो. काहीजण तर स्वतःच निकाल देऊन मोकळे होतात, 'मला डोकंच नाही!' हे मला मुळीच पटत नाही. विसरतात सगळेच.

जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या. तासाभराने तीच यादी पुन्हा पाठ करायला त्यांना पहिल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ लागला! हे त्यांनी १८८५ साली प्रसिद्ध केले. एवढ्या विद्वानाची ही गत, मग आपण का लाजावे?

खरी गोम वेगळीच आहे. धडा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि आपण म्हणतो, 'आलं मला.' पण ओळखीचे वाटणे निराळे, आठवणे निराळे. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र ओठावर येत नाही, तसे. अमेरिकेत २००६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना शेकडा ४२ भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ५६.

म्हणून गोदावरीचा धडा वाचलात की पुस्तक मिटा. नदी कुठे उगम पावते? त्र्यंबकेश्वरजवळ, ब्रह्मगिरीवर. वाटेत कोणती गावे? नाशिक, पैठण, नांदेड... एखादे अडले तर लगेच पुस्तक उघडू नका. थोडे डोके खाजवा, मगच बघा. हेच उद्या करा, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने. एका रात्रीत दहादा घोकण्यापेक्षा हे बरे.

पाढ्यांचेही तेच. तेरा सत्ते किती म्हटले की पुष्कळजण 'तेरा एके तेरा'पासून गाडी सोडतात! पाढा ओळीने म्हणा, पण मग मधूनच विचारून घ्या. तेरा सत्ते एक्क्याण्णव, तेरा चोक बावन्न. मात्र गणिताची रीत समजलीच नसेल, तर ती आठवून येणार नाही. तेव्हा सरळ मला किंवा बाईंना विचारा.

घरी अभ्यासाला वेळ मिळत नाही, असे आपल्यात बरेच आहेत. पाणी आणायचे असते, धाकटे भावंड सांभाळायचे असते. पण आठवायला ना पुस्तक लागते, ना दिवा. शेळ्यांमागे जातानाही होते. आईला धडा गोष्टीसारखा सांगा. ती मध्ये 'का रं?' म्हणाली की कुठे अडतंय ते कळतेच.

आता या फलकाकडे पाठ करून उभे राहा. एबिंगहाउस कोणत्या देशाचे? आठवड्याने कोणाला शेकडा किती आठवले? शेजारच्याला सांगा बघू.