घरीं केलेल्या देणग्या

हन्नेनें शमुवेलाला शिलो येथें याजकाच्या हवालीं केल्यावर त्याची आठवण टाकली नाहीं. वर्षांतून एकदां ती नवऱ्याबरोबर तिकडे जाई, आणि त्या प्रत्येक खेपेस मुलासाठीं आपल्या हातचा एक लहान झगा नेई (१ शमुवेल २:१९). हें वचन आपण वाचून लगेच पुढें जातों. परंतु वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मुलगा वर्षभर दृष्टीआड, माप घ्यावयास जवळ नाहीं. गेल्या खेपेस त्याचें डोकें आपल्या कोठवर लागलें होतें हें आठवून, त्यांत एका वर्षाची वाढ मिळवून तिला कापड बेतावें लागत असेल. बाजारांतून आणलेल्या झग्यांत हा हिशेब कोठून असणार?

आमच्या खेड्यांतील आयाबायांस हा हिशेब चांगला ठाऊक आहे. लेक बाळंत झाली म्हणजे माहेरून बाळंतविडा येतो. त्यांत झबलीं, टोपडीं, कुंची, दुपटीं असतात. आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानें गोधडी शिवते. शेंकडों वेळां धुतलेलें तें लुगडें इतकें मऊ झालेलें असतें कीं तान्ह्या अंगाला तें टोंचत नाहीं. ही गरिबीची युक्ति खरी, पण केवळ गरिबीची नव्हे.

खेळण्यांचेंही तसेंच. जोंधळ्याची काढणी झाली म्हणजे धाटांचें साल सोलून, आंतील भेंडाचे तुकडे बाभळीच्या कांट्यांनीं जोडून बैलगाडी करितात. चिकण मातीचे बैल, चिंध्यांची बाहुली, पावसाळ्यांत रुजलेली आंब्याची कोय दगडावर घांसून केलेली पिपाणी, हीं कोणास ठाऊक नाहींत? धाटाची गाडी दोन दिवसांत मोडते हें खरें. परंतु ती होतांना मुलानें पाहिलेली असते, म्हणून तो ती स्वतः दुरुस्त करूं शकतो. बालोद्यानाचा प्रवर्तक जर्मन शिक्षक फ्रोबेल यानें १८३७ च्या सुमारास मुलांसाठीं जीं साधनें योजिलीं त्यांस त्यानें ‘देणग्या’ असेंच नांव दिलें. त्यांतील पहिली देणगी म्हणजे लोंकरीनें विणलेले रंगीत चेंडू. असा चेंडू कोणतीही आई विणूं शकेल.

मात्र दोन गोष्टींविषयीं आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. बाहुलीला डोळे म्हणून गुंजा लावण्याची रीत कोठें कोठें आहे. ती अजीबात सोडावी. गुंजेच्या बींत भयंकर विष असतें, व तें बीं चावलें गेलें तर मूल दगावूं शकतें. डोळे काळ्या दोऱ्याच्या टांक्यांनीं काढावे. दुसरें, खेळण्यांस शेंदूर फांसूं नये. खरा शेंदूर शिशापासून होतो, मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें, आणि शिसें वाढत्या मेंदूस अपाय करितें. घरांत पडून असलेल्या जुन्या रंगाच्या डब्यांविषयींही हीच सावधगिरी ठेवावी. घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें नसावें हा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींचा डबा असला तर त्याचा भरंवसा काय? गेरू व हळद पुरेशीं आहेत.

आतां देणाऱ्याच्या मनाविषयीं. याकोबानेंही योसेफाला झगा करून दिला. पण एकट्यालाच दिला, आणि त्या झग्यापासून घरांत केवढा द्वेष माजला हें उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायांत वाचावें. ज्या घरीं मुलाला शहरांतून चावीची मोटार येते आणि मुलीची चिंध्यांच्या बाहुलीवर बोळवण होते, त्या घरानें ‘हातची वस्तु गोड’ असें म्हणूं नये. तो निव्वळ पक्षपात होय.

घेणें हें देण्याहून अवघड आहे असें आम्हांस वाटतें. लग्नाच्या आहेराची वही आपण जपून ठेवितों. अमक्यानें लुगडें दिलें, सबब त्याच्या घरीं तेवढ्याच मोलाचें गेलें पाहिजे, आणि त्यासाठीं प्रसंगीं कर्जही होतें. हातानें शिवलेल्या कुंचीची किंमत त्या वहींत कशी लिहावी? ती लिहितां येत नाहीं, म्हणून पुष्कळजण ती हलकी समजतात. मूल बापाला मातीचा ओबडधोबड बैल आणून देतें, आणि बाप ‘चिखल बाहेर टाक’ म्हणतो. अशा मुलानें पुन्हां कांहीं आणून द्यावें तरी कशास? तो बैल आठ दिवस देवळींत, मुलाला दिसेल असा, ठेवावा. मुंबईस कामाला असलेला काका प्लास्टिकचें खेळणें आणील तर त्यासही नांवें ठेवूं नयेत. त्यानेंही आपल्या मजुरींतूनच तें आणलेलें असतें.

उपदेशकांनीं हा पाठ घेतांना धाटें, बाभळीचे कांटे व एक विळा बरोबर न्यावा, आणि वचन वाचून झाल्यावर प्रत्येक बापाकडून आपल्या मुलासमोर एक गाडी करवावी. विळा मोठ्यांच्याच हातीं असावा.