मिठाचा खडक किती सरकतो?

राहुरीकडील जुन्या विहिरी पाहा. काळ्या पाषाणात खोदलेल्या भागात त्यांच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या ताठ उभ्या असतात. मिठाचा खडक मात्र वरच्या थरांच्या भाराने, न तुटता, सावकाश पसरतो आणि खोदलेली पोकळी आकसत जाते. पोलंडमधील व्येलिच्काची 327 मीटर खोल खाण तेराव्या शतकापासूनची. तेथील खोदकाम 1996 मध्ये थांबले. खडक थोडाच थांबतो! आत पर्यटक हिंडतात, म्हणून मोजमाप हवेच.

अशा खाणीत समोरासमोरच्या भिंतींत खुंट्या पक्क्या बसवून त्यांमधील अंतर ठरावीक काळाने मोजतात. समजा, 10 मीटर अंतर वर्षात 2 मिलिमीटरने घटले, तर विकृती 0.0002. दरवर्षी तेवढीच घट होत असेल तर फारशी चिंता नाही. ती वाढत गेली तर धोका जवळ आला. मात्र तापमानही टिपावे लागते. 10 मीटरची पोलादी फीत 10 अंश सेल्सिअसने तापली, की स्वतःच सुमारे 1.2 मिलिमीटर लांबते.