शाळा काहून सुटली? : विचारण्याची एक रीत

मार्च 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब सभागृहापुढे ठेवला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ 18 पोहोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षरांत जाऊन मिळतात, असा तो हिशेब होता. त्यानंतर चित्र पुष्कळ पालटले. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू होऊन 6 ते 14 वयाच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. पण चौदावे वर्ष सरले की सक्तीही सरते आणि नववी-दहावीच्या उंबरठ्यावर काही पोरे दिसेनाशी होतात. सरकारी भाषेत याला 'गळती' म्हणतात. शब्दच असा की जणू पोर झाडावरून आपोआप गळले, त्यात कोणाचा काही संबंध नाही!

मी बँकेतला कारकून, माझा दिवस आकड्यांतच जातो. एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होते, पुढल्या वर्षीही होते आणि मग एका वर्षापासून येणेच बंद होते. खाते एवढेच सांगते. शाळेच्या कागदावर कारणाच्या रकान्यात 'गरिबी' किंवा 'घरगुती अडचण' असे लिहिलेले असते. ते खोटे नसते, पण त्या एका शब्दावरून काय उपाय करावा हे कोणालाच कळणार नाही. किती मुले गेली हे मोजणीने समजते. का गेली हे समजण्यासाठी थोड्याच मुलांशी, पण निवांत बसून बोलावे लागते. यालाच गुणात्मक संशोधन म्हणतात. पॉल विलिस या इंग्रज अभ्यासकाने कामगारांची मुले कामगारच का होतात यावर 1977 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या मुळाशी अवघी 12 मुले होती. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी सुटीत पाच-सहा घरे जरी नीट केली तरी ते काम लहान समजू नये.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात या रीतीचा धडाच आहे. गरिबीमुळे मुले शिकत नाहीत एवढे म्हणून ते थांबले नाहीत. गरिबी घरात नेमके काय करते ते त्यांनी सांगितले. गुरे राखायला आणि शेत पाहायला पोर लागते, शाळेत टिकण्यासारखे आकर्षण काही नसते, म्हणून किरकोळ काम मिळाले की ते निघून जाते. कारण इतके उलगडले म्हणूनच त्यांना शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्ती असे नेमके उपाय मागता आले.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे वळू. "बाबू, शाळा काहून सोडली?" असे विचारले की पोर मान खाली घालते आणि "मन नाही लागे" म्हणून मोकळे होते. त्याला त्या प्रश्नात आरोप ऐकू येतो. त्यापेक्षा शेवटच्या वर्षाचा एकेक महिना विचारावा. शाळा जूनअखेर उघडते आणि लगेच आषाढात रोवणी लागते. मायबाप बांधीत गेले की धाकट्याला कोण सांभाळते? दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी. त्यानंतर काही कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा पोर सोबत गेले की आजीजवळ राहिले? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षा. मे महिन्यात तेंदूपत्ता. 70 पानांचे पुडके न चुकता बांधणारे पोर गणितात नापास कसे होते, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे.

समजा, एका मुलाचे असे महिने जुळवले. रोवणीत त्याचे 20 दिवस बुडाले, तेवढ्यात बीजगणिताचा धडा पुढे गेला, मग तो मागच्या बाकावर बसू लागला, एकदा सर्वांसमोर हसे झाले आणि त्यानंतर पोटात दुखू लागले. कागदावर त्याच्या नावासमोर 'गरिबी' लिहिले जाईल. पण श्रावणात कोणी महिनाभर गणित शिकवले असते तर तो टिकला असता. हे कागदावरून दिसणार नाही.

मुलींच्या बाबतीत तर क्रम पाहणे फारच आवश्यक आहे. कारण 'लग्न' असे लिहिलेले असते. लग्न ठरले म्हणून शाळा सुटली, की शाळा आधीच सुटली होती आणि पोर घरी बसली म्हणून लग्न ठरले? दोन्हींचे उपाय निराळे आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी सायकली व बसगाड्या आल्या, हे चांगलेच झाले. तरी शाळेचा रस्ता कुठून जातो, संध्याकाळी त्यावर कोण उभे असते, शाळेत पाणी व संडासाची सोय कशी आहे, हे तिलाच विचारावे, आणि शक्यतो विद्यार्थिनींनीच विचारावे.

मायबापांना दोष देण्याची आपल्याकडे मोठी सवय आहे. उत्तरेकडील पाच राज्यांत पाहणी करून 1999 साली 'प्रोब' अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात तेव्हाचा, म्हणजे छत्तीसगडसह आपल्या शेजारचा मध्य प्रदेशही होता. मुलांना शिक्षण हवे असे 98 टक्के पालकांनी सांगितले, मुलींसाठी तसे म्हणणारे 89 टक्के होते. तेव्हा 'आपल्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही' हे भाषणातले वाक्य घरी ठेवूनच गावात जावे.

सालेकसा, देवरीकडे घरात गोंडी किंवा छत्तीसगढी बोलत असतील तर ती भाषा येणारा सोबती न्यावा. गुरुजींना किंवा सरपंचांना मात्र सोबत नेऊ नये, त्यांच्यासमोर पोर खरे बोलत नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावे, शुद्ध मराठी करू नये. वहीत नाव-गाव लिहू नये. लिहिलेले त्याला वाचून दाखवावे आणि तो म्हणेल ते खोडावे.

सल्ला सुरुवातीलाच देऊ नये, कारण सल्ला मिळाला की पोर बोलायचे थांबते. दहावीला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा अर्ज असतो ही माहिती मात्र खिशात असू द्यावी. वही मिटल्यावर, उठता उठता, ती सांगावी. अर्जाची तारीख आणि जवळचे केंद्र आधीच विचारून ठेवावे, म्हणजे त्याला पुन्हा चौकशीला पाठवावे लागणार नाही.