वीस फुटी फलकाचे चार इंची लेबल

"फलक छान झाला, आता तेच चित्र लहान करून खोक्याच्या लेबलावर छापा," असे आपण व्यापारी सहज सांगून मोकळे होतो. आम्हीही सांगितले होते. रमजानच्या तोंडावर लुंग्यांच्या खोक्यांसाठी पाच हजार लेबले छापून आली, ती पाहून डोक्याला हात लावला. भोवती जाड काळी चौकट आणि मध्ये शाईचा डाग! माल बांधून तयार, पण लेबलावाचून आठ दिवस गोदामात पडून राहिला. छापखान्याची चूक होतीच, पण प्रूफ न पाहता होकार आम्हीच दिला होता.

फलक २० फूट बाय १० फूट, लेबल ४ इंच बाय २ इंच. म्हणजे चित्र ६० पट लहान करायचे. कोरलड्रॉमध्ये आकार गणिताने साठवलेले असतात, म्हणून ते लहानमोठे केल्याने फाटत नाहीत. मात्र आकाराच्या कडेची, म्हणजे आउटलाइनची, जाडी वेगळी नोंदलेली असते. एफ-१२ दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत 'स्केल विथ ऑब्जेक्ट' यापुढे खूण नसेल, तर चित्र लहान होते आणि कड होती तेवढीच राहते. आमच्या फलकाची कड एक इंच जाड होती. निम्मी आत, निम्मी बाहेर धरली तरी वरून अर्धा आणि खालून अर्धा, असा दोन इंचांतला एक इंच तिनेच खाल्ला! तेव्हा लहान करण्याआधी फाइलची प्रत काढावी आणि कड असलेल्या प्रत्येक आकाराला ही खूण आहे ना, ते तपासावे. इलस्ट्रेटरमध्ये हीच सोय 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' या नावाने आहे.

खूण केली म्हणजे झाले, असेही नाही. फलकावरची ६ मिलिमीटरची रेघ लेबलावर ०.१ मिलिमीटर उरते आणि छपाईत तुटते. तीन इंची अक्षर जेमतेम सव्वा मिलिमीटरचे होते. मराठीचे अनुस्वार भरून जातात. उर्दू नस्तालीकची तर दैनाच; 'पे'चे तीन नुक्ते एक झाले की तो 'बे' वाटू लागतो. कापड सुती की मिश्र, हेच गिऱ्हाइकाला वाचता येत नसेल, तर मालाचा ऐब झाकल्यासारखेच ते आहे, मग हेतू कितीही साफ असो.

फोटोचे उलटे आहे. फलकावर पाच फूट रुंद, इंचाला ७२ ठिपके असलेला फोटो एक इंचावर आणला की इंचात ४३२० ठिपके कोंबले जातात. ३०० पुरतात. बिटमॅप मेनूतून रिसॅम्पल करून घ्यावे, नाहीतर फाइल विनाकारण जड राहते. फलकावरचा गडद काळा पुष्कळदा चार शाया मिसळून केलेला असतो. बारीक अक्षरांना तो चालत नाही, कारण एक शाई जरा सरकली की अक्षर दुहेरी दिसते. तेथे फक्त काळी शाई शंभर टक्के ठेवावी.

आता आम्ही फलकातून फक्त छाप आणि पेढीचे नाव घेतो. बाकी मजकूर लेबलाच्या मापाने नव्याने बसवून घेतो. लेझरवर त्याच मापाची एक प्रत काढून खोक्यावर चिकटवतो आणि गोदामातल्या म्हाताऱ्या मुकादमाला चष्म्याशिवाय वाचायला लावतो. त्यांनी अडखळत का होईना वाचले, तरच प्लेट काढायला सांगतो.